लंडनमध्ये एकट्या पडलेल्या लेकीसाठी वाचनगट सुचवाल का?

नमस्कार मंडळी. मी ठाण्यात, नौपाड्यात राहते. धाकटी लेक सप्टेंबरपासून नोकरीसाठी लंडनला आहे. काम चांगलं आहे, पण शनिवार-रविवार तिला खायला उठतो. डिसेंबरात तर तिथे चारच्या आत सूर्य मावळायचा आणि फोनवर रोज एकच, "आई, आज ऑफिसबाहेर कुणाशी बोललेच नाही."

इथे ती आपल्या मराठी ग्रंथसंग्रहालयात वाढली म्हटलं तरी चालेल. १८९३ सालची संस्था, आमच्या तीन पिढ्या सभासद. पुस्तक बदलायला गेली की तासभर परत यायची नाही. ओळखी तिथेच झाल्या.

तिकडे एका पबमधल्या वाचनगटात जाऊन आली. सगळे एकमेकांचे जुने दोस्त, हिचं पुस्तक अर्धंच झालेलं. कोपऱ्यात संत्र्याचा रस पीत बसली नि परतली. (पबमध्ये पुस्तकावर चर्चा, हे मला अजून पचलेलं नाही, असो.)

तिथल्या सार्वजनिक वाचनालयांत फुकट वाचनगट असतात म्हणे. शिवाय 'सायलेंट बुक क्लब', म्हणजे आपापलं पुस्तक घेऊन तासभर गप्प वाचायचं, मग वाटलं तर बोलायचं. बुजऱ्या मुलीला यातलं काय जमेल? लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासूनचं आहे, पण तिथे तिच्या वयाची, पंचविशीतली मुलं येतात का? कुणाची मुलं तिकडे रुळली असतील तर पहिली ओळख कशी झाली, तेवढं नक्की सांगा.