मदत हवी आहे: झेडएक्स स्पेक्ट्रम ४८के, 'म'ची शिरोरेषा तुटतेय. आयसी २० (मेमरीची चिप) बदलू का?

नमस्कार मंडळी,

बाबांचा जुना झेडएक्स स्पेक्ट्रम (१९८०च्या दशकातला घरगुती संगणक, ४८के, रबरी बटणांचा, इश्यू ३ बोर्ड) पुन्हा चालू करतेय. १९८४ मध्ये काकांनी तो इंग्लंडहून आणला होता. मला अक्षरओळख व्हावी म्हणून बाबांनी त्यावर बेसिकमध्ये प्रोग्राम लिहिला. यूडीजी, म्हणजे स्वतः आखायची अक्षरं, या मशीनवर २१च मिळतात. त्या २१ जागांत, आठ बाय आठ ठिपक्यांच्या चौकोनांत, त्यांनी देवनागरी बसवली. कॅसेट अजून वाजते. चौकोन आखलेली आलेखवही आणि हाताने लिहिलेला प्रोग्रामही घरात आहे.

कीबोर्डचं मेम्ब्रेन नवं टाकलं, मशीन उठलं, प्रोग्राम लोड झाला. शेजारी बसलेले बाबा लगेच म्हणाले, "'म'ची रेघ तुटलीय बघ." खरंच, शिरोरेषेत डावीकडून तिसरा ठिपका नाही. 'ल'मध्येही तीच जागा रिकामी. बाकीची १९ अक्षरं धड. वहीत दोन्ही रेघा अखंड आहेत.

मग प्रोग्राम ओळीओळीने वहीशी ताडून पाहिला. एके ठिकाणी वहीत 'प्रिंट' आहे, पडद्यावर 'मर्ज'! प्रिंटचा कोड २४५, मर्जचा २१३. फरक ३२. बाइटमधले आठ बिट उजवीकडून ० ते ७ असे मोजतात; बिट ५ ची किंमत ३२ आणि ठिपक्यांच्या ओळीत डावीकडून तिसरा ठिपका म्हणजेही बिट ५. इथे मला पहिल्यांदा मेमरीचा संशय आला.

क्लिअर ३२७६७ देऊन स्टॅक (बेसिकची कामचलाऊ मेमरी) खाली आणला आणि ३२७६८ पासून ६५५३५ पर्यंत प्रत्येक पत्त्यावर २५५ पोक करून (लिहून) परत पीक केलं (वाचलं). बेसिकमध्ये याला बराच वेळ लागतो, पण निकाल स्वच्छ आला. पहिला चुकीचा पत्ता ३२८७२, मग ३३०००, मग ३३१२८, असं दर १२८ पत्त्यांनी थेट ६५५१२ पर्यंत. एकूण २५६ पत्ते, प्रत्येक ठिकाणी २५५ ऐवजी २२३, म्हणजे पुन्हा ३२ कमी. शून्य लिहिलं तर सगळीकडे शून्यच वाचलं जातं. गार मशीनवर आणि तासभर तापल्यावर, दोन्ही वेळा हेच.

खालच्या १६के मेमरीत दोष दिसत नाही. पडद्याची मेमरी तिथेच असते आणि पडद्यावर उभ्या रेघा किंवा कचरा काही नाही. तिथल्या ४११६ चिपांवर पिन १ ला उणे ५, पिन ८ ला १२ आणि पिन ९ ला ५ व्होल्ट मिळतात. वरच्या आठ चिपांना (टीएमएस ४५३२) पिन ८ वर ४.९८ व्होल्ट आहे.

आता प्रश्न.

पीक २३७३२ + २५६ × पीक २३७३३ केलं की ६५५३५ येतं, म्हणजे मशीनच्या मते सगळी ४८के मेमरी ठीक आहे. चालू होताना ते स्वतः तपासणी करतं ना? मग हा दोष निसटला कसा? दुसरं, यूडीजीचे १६८ बाइट लोड करताना काहीच तक्रार नाही, पण लगेच व्हेरिफाय केलं की 'टेप लोडिंग एरर'. कॅसेटही खराब आहे का? आणि तिसरं, सर्वात महत्त्वाचं: आयसी १५ म्हणजे बिट ० धरलं तर बिट ५ म्हणजे आयसी २०. तीच काढू ना? ४५३२ कुठे मिळत नाही. सोल्डरिंग येतं मला, पण १६ पायांची चिप काढताना ट्रॅक उचकटला तर बाबांना काय सांगू, याची धास्ती आहे.

प्रतिसाद १

ताई, तपासणी इतकी नीट केलीत की निदान जवळजवळ तुम्हीच केलंय. मशीनच्या तपासणीचं असं आहे: रॉम (मशीनमधला कायमचा प्रोग्राम) प्रत्येक पत्त्यावर २ लिहितं, मग एकेक वजा करत १ आणि ० होतंय का एवढंच पाहतं. म्हणजे बिट ० आणि बिट १ सोडले तर बाकीच्या सहा बिटांत १ कधी लिहिलाच जात नाही. त्यातला एखादा कायम ० वर अडकला तर रॉमला कळायचा मार्गच नाही. उलट तो १ वर अडकला असता तर ३२८७१ आलं असतं आणि मशीन जवळजवळ १६के असल्यासारखं वागलं असतं.

कॅसेट चांगली आहे. लोड करताना पॅरिटीची बेरीज टेपवरून आलेल्या बाइटवर होते, मेमरीत तो नीट उतरला का हे कुणी परत वाचत नाही. व्हेरिफाय मात्र मेमरीतला बाइट वाचून टेपशी ताडतं. लोड पास आणि व्हेरिफाय नापास, म्हणजे बोट मेमरीकडेच.

मल्टिप्लेक्सर (चिपांना पत्ते पोचवणाऱ्या आयसी २५, २६) बिघडले असते तर पत्तेच चुकले असते आणि आठही बिट गोंधळले असते. एकच बिट आणि दर १२८ पत्त्यांनी, म्हणजे एका चिपमधली एक आडवी रांग मेली आहे. आयसी २०च.

प्रतिसाद २

४५३२ शोधू नका. ती मुळात ४१६४ च आहे, जिचा अर्धा भाग सदोष निघाला म्हणून उरलेला ३२के अर्धा वापरात आणला. कुठला अर्धा चांगला हे बोर्डवरच्या लिंकने (तारेच्या जोडणीने) ठरतं, म्हणून आठही चिपा एकाच जातीच्या लागतात. पूर्ण चांगली ४१६४ मात्र कुठल्याही लिंकला चालते. ५ व्होल्टची आहे, पायही जुळतात. फक्त खालच्या ४११६ च्या जागी ती चुकूनही लावू नका, तिथे पिन ८ वर १२ व्होल्ट येतो.

काही जण नवी चिप जुनीच्या पाठुंगळी बसवून बघतात. इथे जुनी चिप ठामपणे ० देतेय, त्यामुळे त्या प्रयोगाच्या निकालावर भरवसा ठेवू नका.

काढताना चिप वाचवायचा मोह नको. बारीक कटरने सोळाही पाय चिपच्या अंगालगत कापा आणि धड उचलून घ्या. मग एकेक पाय चिमट्यात धरा, खालून आयर्न टेकवा, सोल्डर वितळलं की तो आपसूक निघतो. ओढायचं नाही. भोकात राहिलेलं सोल्डर काढण्याआधी थोडं नवं सोल्डर घाला, जुनं सोल्डर पंपाला दाद देत नाही. नंतर सॉकेट लावा.

आणि अडॅप्टर मूळचाच वापरताय ना? ९ व्होल्टचा असला तरी याच्या पिनचा मध्यभाग ऋण असतो. बाजारातले बहुतेक उलटे असतात. माझ्याकडे डेसिबेल्स या भारतीय कंपनीचा डीबी स्पेक्ट्रम+ होता, त्यालाही मी हेच जपायचो.

मूळ प्रश्नकर्ती, आठ दिवसांनी

दोघांचेही मनापासून आभार. अडॅप्टर मूळचाच आहे.

४१६४ पुण्यात तपकीर गल्लीत दोन दुकानांत मिळाली नाही, शेवटी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून भावाने तीन आणल्या. पाय कापायची युक्ती उत्तम. दहावा पाय निघायला तयार नव्हता, तिथे थांबून नवं सोल्डर घातलं तेव्हा सुटला. सगळे ट्रॅक शाबूत आहेत. सॉकेट बसवल्यावर मीटरने शेजारशेजारच्या पिना तपासल्या, मगच चिप खोचली.

२५५, १७०, ८५ आणि ० असे चार आकडे लिहून पूर्ण वरची मेमरी तपासली, एकही चुकीचा पत्ता छापला गेला नाही. कॅसेट पुन्हा लोड केली, व्हेरिफाय केलं: '० ओके'. वहीत जिथे प्रिंट, तिथे पडद्यावर प्रिंट. बाबांनी भिंग घेऊन 'म' पाहिला आणि मग एकविसही अक्षरं एकेक करून वहीशी जुळवली.

दोन ४१६४ शिल्लक आहेत. कुणाच्या स्पेक्ट्रमला लागत असतील तर इथेच सांगा, पाठवून देईन.