लाल × पांढरी ज्वारी: दुसऱ्या पिढीत पिवळी कणसं कुठून?

मंगळवेढ्याच्या मित्रांनी विचारलंय की लाल-पांढऱ्या संकराची पहिली पिढी लाल, मग पुढच्या पेऱ्यात पिवळी कणसं कशी? ती भेसळच असेल असं नाही. दाण्याच्या सालीच्या रंगामागे मुख्यतः दोन जनुकं आहेत, 'वाय' आणि 'आर'; प्रत्येकाच्या झाडात दोन प्रती. 'वाय'ची एक तरी प्रत प्रभावी (वरचढ) असेल तरच रंग धरतो. सोबत 'आर' प्रभावी असेल तर लाल, नसेल तर लिंबासारखा पिवळा. 'वाय'च्या दोन्ही प्रती अप्रभावी असल्या की 'आर' असूनही दाणा पांढराच. तुमची पांढरी दोन्हींत अप्रभावी असेल, तर 9 लाल : 3 पिवळी : 4 पांढरी हे प्रमाण येतं.

घोळ होतो तो मोजणीत. साल आईच्या झाडाची असते, त्यामुळे एका कणसातले सगळे दाणे एकाच रंगाचे. म्हणून दाणे नव्हे, झाडं मोजा. पहिल्या पिढीच्या कणसावर फुलोरा उमलायच्या आधी कागदी पिशवी चढवा, नाहीतर शेजारच्या मालदांडी ज्वारीचे पराग शिरतात. ते बी पेरून निदान 160 झाडं धरा. साधारण 90, 30, 40 अशी विभागणी दिसावी. वीसेक झाडांवरून काहीच ठरवू नका. काळवंडलेली कणसं सरळ वगळा.

उंचीचं मात्र असं स्वच्छ प्रमाण सहसा मिळत नाही. तिथे खुजेपणाची चार मुख्य जनुकं, त्यात जमिनीतली ओल.