अनुभव धागा: "बाई, मी सांगू?" (वर्गातल्या आठवणी)

पाटीवाली
दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून शंभर मण्यांची माळ निघाली. दहा लाल, दहा पांढरे, परत दहा लाल. निवृत्त होताना सगळं साहित्य शाळेत ठेवून आले असं वाटत होतं, ही कशी आली कोण जाणे.

बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर होते. दसरा झाला की वर्ग ओस, पोरं आईबापांबरोबर ऊसतोडीला साखर कारखान्यावर. परत यायची ती उन्हाळ्याच्या तोंडाला. पुढे हंगामी वसतिगृहं निघाली तशी काही गावात राहायला लागली, पण तिकडं कोपीवर, म्हणजे झोपडीत, धाकट्याला कोण बघणार म्हणून पोरी जायच्याच. अशीच एक दुसरीतली. आली तेव्हा हातांवर पाचटाचे बारीक ओरखडे. माळ पुढ्यात ठेवून म्हटलं, सत्तेचाळीस दाखव. मणी चाचपत बसली, तोंडातून शब्द नाही. मग हळूच, "बाई, मोळ्या धरू का?" आणि भराभर दहा-दहाच्या चार मोळ्या, वर सात सुट्टे. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत. मग काय, सगळ्या वर्गाचं गणित मोळ्यांवर चालू झालं. तपासणीला आलेल्या साहेबांना पोरं सांगत होती, "त्रेसष्ट म्हंजी सहा मोळ्या, तीन ऊस." साहेब माझ्याकडं बघतायत.

तुम्हीही लिहा. शिक्षक नसलात तरी शाळेत गेला असालच.

चुलीवरची
मोळ्या भारी! मी पहिलीला शिकवते. खिचडी शिजतेय तेवढ्यात लिहिते. आज चव घ्यायची पाळी माझी. पोरांच्या आधी आपण खायची आणि वहीत लिहून सही करायची. मागची पानं चाळली. "चव चांगली", "चव चांगली", "चव चांगली". एका सरांनी एकदाच "मीठ थोडे कमी" लिहिलंय, त्याखाली मुख्याध्यापकांचा शेरा, "नोंद घेतली."

घाटावरचा
नोंद घेतली!! मेलो हसून

तीन हजारी
शिक्षणसेवक म्हणून लागलेले कुणी आहे का इथे? २००० साली ती योजना आली, प्राथमिकला पहिली तीन वर्षं महिना ३००० रुपये मानधन, मग कुठे नियमित शिक्षक. मी त्यातलाच. लग्नाचं बघायला सुरुवात केली तर पाहुण्यांचा पहिला प्रश्न, "शिक्षक की शिक्षणसेवक?" चहा तिथंच गार. पुढे ६००० झाले, २०२३ ला १६,०००. नवीन पोरांना हे सांगितलं तर म्हणतात, सर, तुमच्या वेळी स्वस्ताई होती. स्वस्ताई डोंबलाची. खोलीभाडं, डबा आणि गावी जायचं एसटीचं तिकीट, संपला पगार.

बाईंचा नवरा
स्वस्ताईवरून नाही, पण मीठावरून आठवलं. आमच्याकडे भाजीत मीठ कमी आहे म्हटलं की उत्तर येतं, "बोट वर करून बोल." बायको हा धागा वाचत नसावी.

बाई स्वतः
वाचतेय. घरी या, मग बघते.

वहाळापलीकडे
आमची द्विशिक्षकी, चार वर्ग. सर मीटिंगला गेले की पहिली ते चौथी मी एकटी. मग चौथीतली एक पोरगी पहिलीला गिरवायला बसवते. कंबरेवर हात, आवाज चढवून, "मान वर कुणी केली?" आणि मध्येच बोटाने नाकावरचा चष्मा वर सारते. तिला चष्मा नाही. मला आहे.
पावसात वरच्या वाडीतली पोरं लवकर सोडावी लागतात, वहाळ चढतो. वेळ मी ठरवत नाही, तीच पोरं खिडकीतून बघून सांगतात, "बाई, आता सोडा." मी सोडते. त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं त्यातलं.

शेंडेफळ
मी शिक्षिका नाही. मुलींना शाळेत हजर राहिल्याबद्दल दिवसाला १ रुपया भत्ता मिळायचा, कुणाला आठवतो? ताप असला तरी आई पाठवायची, रुपया बुडेल म्हणून. बाईंनी सही घेऊन हातात दिलेल्या पैशांतून आईने स्टीलची कळशी घेतली. पोचा पडलाय पण अजून वापरात आहे. भाऊ फुगून बसायचा, मी पण रोज जातो मग मला का नाही!

पाटीवाली
शेंडेफळ, त्या याद्या करायचं काम माझ्याकडेच असायचं. दुर्बल घटकांतल्या मुलींनाच होता ना तो, आणि नावं सगळ्यांसमोर वाचली जायची. ते मला कधीच पटलं नाही. पैसे द्या, पण गाजावाजा कशाला? कळशीचं वाचून मात्र बरं वाटलं गं.

यादीवाला मास्तर
शिकवण्याचं नंतर बोलू, सध्या मतदार यादी घेऊन दारोदार फिरतोय. परवा एका घराची कडी वाजवली तर दार उघडलं माझ्याच वर्गातल्या पठ्ठ्यानं. "आई! मी शाळेत गेलो नाही म्हणून सर घरी आले!" आणि थेट पलंगाखाली. आईनं ओढलं, आजीनं बोलावलं, माझा फॉर्म भरून झाला, चहा झाला, हा काही बाहेर येईना. निघताना वाकून बघितलं तर तिथूनच म्हणतो, "उद्या येतो सर."

घाटावरचा
मग आला का दुसऱ्या दिवशी?

यादीवाला मास्तर
तो आला असेल. मी कुठे शाळेत होतो, पुढच्या गल्लीत यादी घेऊन.

चुलीवरची
अरे देवा. असो, खिचडी झाली, मीठ बरोबर. "चव चांगली" लिहून आले.

दादरची सध्या ठाण्यात
शाळेतल्या मटकीच्या खिचडीची कृती द्या ना कुणीतरी. घरी करते तेव्हा तशी लागतच नाही.

चुलीवरची
आमच्या ताई मटकी वेगळी वाफवत नाहीत, तांदळाबरोबरच टाकतात आणि पाणी सढळ. तांदूळ पाचवीपर्यंत डोई १०० ग्रॅम. ऐंशी पोरांचं प्रमाण सांगू?

दादरची सध्या ठाण्यात
आम्ही दोघंच आहोत हो.

चुलीवरची
थांबा, ताईंना विचारून सांगते. इकडे वाढप सुरू झालं, एकानं दुसऱ्याच्या ताटातली मटकी वेचून खाल्ली म्हणून रडारड चालू आहे.