चर्चा: प्रबंध झाला, गावाला काय मिळालं?

वैनगंगाकाठ
आमच्या ब्रह्मपुरी-गडचिरोली पट्ट्यात दरवर्षी कोणी ना कोणी प्रश्नावली घेऊन येतं. कधी समाजकार्यात पीएच.डी. करणारा, कधी सार्वजनिक आरोग्य शिकणारी. शाळागळती, कुपोषण, सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार), दारू. विषय तेच, घरंही तीच. धानाच्या रोवणीच्या दिवसांत बाई बांधीतून निघून धुऱ्यावर बसते, तासभर उत्तरं देते, संमतीपत्रावर अंगठा उठवते आणि शाई पदराला पुसून पुन्हा चिखलात उतरते. पुढे प्रबंध इंग्रजीत ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या संकेतस्थळावर चढतो. त्यात आमचं गाव ‘गाव क्र. ३’.

माझं म्हणणं एवढंच, की निष्कर्ष मराठीत, जमलं तर गोंडी-कोरकूत, ग्रामसभेत वाचून दाखवल्याशिवाय तोंडी परीक्षा होऊच नये. निदान सामाजिक न्यायाच्या नावाने पदवी घेणाऱ्यांची तरी. संशोधन गावाकडे परत येऊ शकतं, हे आमच्याच गडचिरोली जिल्ह्याने पाहिलंय. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग या दांपत्याने दोन गावांतल्या ६५० स्त्रियांचा अभ्यास केला. ९२ टक्के जणींना स्त्रीरोग निघाले, आणि १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातून ते जगाला कळलं. पुढे ३९ गावांत घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा प्रयोग झाला, तो १९९९ मध्ये छापून आला. आज देशभरातल्या ‘आशा’ (गावातल्या आरोग्यसेविका) बाळंतिणीच्या घरी जातात, त्याचं मूळ तिथे आहे.

प्रबंधात_अडकलेली
बंग डॉक्टर आहेत, त्यांच्यामागे संस्था आहे, पाठपुराव्याला वर्षानुवर्षं आहेत. मी एकटी. फेलोशिप तुकड्यातुकड्याने येते, गाईडला प्रकरण वेळेत हवं असतं आणि फील्डवर्कचं एसटीचं भाडं मी ट्यूशन घेऊन काढते. वरून आता ग्रामसभेचं प्रमाणपत्र?

आणि एक बोचतंय. पुण्या-मुंबईहून लोक येऊन लिहीत होते तेव्हा ही अट कोणाला सुचली नाही. आता शेतमजुराची पोरगी स्वतःच्या वस्तीवर लिहायला बसली, तर लगेच हिशेब द्या!

सिकलवाल्याची_बहीण
मी तिसरंच सांगते. सभेत वाचू नका. आमच्या भावाला सिकलसेल आहे, आम्ही दोघी बहिणी वाहक. गावात घरं किती असतात? नाव न घेता “अमुक मोहल्ल्यात वाहक जास्त” एवढं म्हटलं तरी सगळ्यांच्या माना आमच्या दाराकडे वळतात. वाहक म्हणजे आजारी नव्हे, हे सोयरिकीच्या वेळी कोण ऐकून घेतं? मोठीचं ठरलेलं मोडलं ते कशामुळे, ते उघड कोणी बोललं नाही, पण कळलं सगळ्यांना.

निकाल ज्याचा त्याच्या हातात द्या. तेही नुसता कागद नको, बसून समजावून. नवरा-बायको दोघं वाहक असतील तर प्रत्येक खेपेला मूल आजारी निघण्याची शक्यता २५ टक्के. आम्हाला हे कळलं तेव्हा भाऊ नववीत होता आणि त्याची निम्मी शाळा अंगदुखीत गेली होती.

वऱ्हाडी_ठेचा
आमच्याइकडं त बाप्पा सर्वेवाले दिसले का लोकं घरात पयतात. काहून? मांगच्या खेपेले “योजनेत नाव येईन” म्हणून लेहून नेलं, अन् भेटला धतुरा. खोटी आशा लावू नका म्हणा, वाचून दाखवणं मंग पाहू.

आशाताई
आशा म्हटलंत म्हणून बोलते. मेळघाटातल्या धारणी तालुक्यातली आहे मी. दवाखान्यात बाळंतपण झालं की ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी जायचं, बाळाचं वजन, ताप, श्वास बघायचा, त्याचे २५० रुपये. संशोधक आला की त्याला घरं दाखवणारी मी, कोरकूतून प्रश्न समजावणारी मी, “घाबरू नको, सांग” म्हणणारी पण मी. प्रबंधात शेवटी आभार मानतात म्हणे. वाचायला कोणी पाठवला नाही. उद्या काही वावगं छापून आलं तर त्या बाया मलाच विचारतील ना, सर तर गेलेले असतील.

निळी_पाटी
ग्रामसभा, ग्रामसभा! खुर्चीवर कोण बसतं आणि दाराशी उभं कोण राहतं, ते एकदा बघा. माझा विषय शालेय पोषण आहार आणि जात. ताट कोण वाढतं, कोणाच्या हातचं खायला नको म्हणून कोणाचं पोरगं घरून डबा आणतं. हे मी सरपंचासमोर वाचून दाखवू? दुसऱ्या दिवशी ज्या मुलीने सांगितलं तिच्या आईचा रोज बंद होईल. कामाला बोलावणारे तेच, सभेत बसणारेही तेच.

वैनगंगाकाठ
निळी_पाटी, परवानगी घ्या असं मी म्हटलेलंच नाही. आणि सगळ्या ग्रामसभा एकसारख्या नसतात. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावात अभ्यासगट आहेत. गावातलेच लोक बसून एखादा विषय समजून घेतात, बाहेरचा माणूसही त्यात बसतो, आणि निर्णय ग्रामसभा घेते, तोही सर्वसहमतीने. २००९ मध्ये जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला तो या गावाने. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वंही अभ्यासाचा लाभ लोकांपर्यंत जावा असंच सांगतात. सिकलसेलचं ताईंचं बरोबर आहे, व्यक्तीचा निकाल व्यक्तीलाच. पण “उपकेंद्रात औषध किती महिने नव्हतं” हे तर चावडीवर वाचता येईल? त्यात कोणाची सोयरीक मोडते?

प्रबंधात_अडकलेली
त्यात उपकेंद्रातल्या सिस्टरची बदली होते. औषध वरून आलं नाही, बोलणी तिने खाल्ली. पाहिलंय मी.

दोन पानी मराठी सारांश मी देईन, आशाताईंना आधी वाचायला देईन. ते माझ्या हातात आहे. पण विद्यापीठाने अट घातली तर तिचा अर्थ एकच: सरपंचाच्या सहीचा आणखी एक कागद, आणि तो कागद कसा मिळतो ते तुम्हाला-मला माहीत आहे.

निळी_पाटी
सारांश चालेल. वाचनही चालेल, बुद्धविहारात ठेवा, मी स्वतः वाचतो. गोंड मोहल्ला येईल. वैनगंगाकाठ, तुमच्या बाजूचे किती येतात ते तुम्ही सांगा.