मदत हवी आहे: गोळीच्या रिअ‍ॅक्शनने आईचे हाल झाले, केस डॉक्टरवर की कंपनीवर?

नमस्कार मंडळी, थोडं लांबलंय, सांभाळून घ्या. आईला गालाच्या नसेचं दुखणं, दात घासताना पण करंट लागल्यासारखी कळ यायची, म्हणून डॉक्टरांनी कार्बामाझेपिन दिली. कळ थांबली. तेराव्या दिवशी ताप आणि अंगावर लाल चट्टे. मी डॉक्टरांना व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला तर उत्तर आलं उन्हाळ्याचं असेल, सेट्रिझिन द्या, गोळी चालूच ठेवा. आम्ही आपलं ऐकलं. तीन दिवसांत तोंडभर फोड, पाठीची कातडी भाजल्यासारखी सुटायला लागली. दुसऱ्या हॉस्पिटलला नेलं तर तिथल्या स्किनच्या मॅडमनी पहिल्यांदा ती गोळी बंद केली, म्हणाल्या स्टीव्हन्स-जॉन्सन, म्हणजे औषधाची कातडी सोलवणारी गंभीर रिअ‍ॅक्शन. २२ दिवस अ‍ॅडमिट. जीव वाचला, पण डोळे कोरडे झालेत ते झालेतच, तासातासाला ड्रॉप.

नंतर कळलं की अमेरिकेच्या एफडीएने (तिथलं औषधांवर देखरेख ठेवणारं सरकारी खातं) २००७ मध्येच सांगितलंय, आशियाई वंशाच्या पेशंटला ही गोळी सुरू करायच्या आधी एचएलए-बी १५०२ ही जीनची टेस्ट करा. आम्हाला चट्टे आले तर गोळी थांबवा एवढंही कुणी सांगितलं नव्हतं. भाऊ म्हणतो कंपनीला खेचू. पुढच्या महिन्यात दोन वर्षं होतील. काय करू?

प्रतिसाद: ताई, पुढचा महिना म्हणजे घाईच करा, ग्राहक आयोगात मुदत दोनच वर्षं. कंपनीवर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दावा करता येतो, पण प्रिस्क्रिप्शनच्या औषधाचा इशारा डॉक्टरांपर्यंत नीट पोचवला असेल तर कंपनी सुटते, आणि तो पत्रकात बहुतेक छापलेलाच असतो. रिअ‍ॅक्शन आली म्हणून डॉक्टर दोषी ठरत नाही. पण चट्टे बघून गोळी चालू ठेवायला सांगितलं, तिथे तुमची केस आहे. अनुराधा साहा या पेशंटच्या मृत्यूच्या प्रकरणात, आजार याच जातीचा, सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये जवळपास सहा कोटी दिले, अर्थात त्यांच्या नवऱ्याने पंधरा वर्षं झगडून. दोन्हीकडचे पेपर लेखी मागा, ७२ तासांत द्यावे लागतात. तक्रार आई राहते त्याच जिल्ह्यात चालते. १८००-१८०-३०२४ या औषधांच्या रिअ‍ॅक्शनसाठीच्या सरकारी हेल्पलाइनवर रिअ‍ॅक्शन नोंदवा, पैसे नाही मिळत पण नोंद राहते. आणि ते चॅट डिलीट नाही ना झालं?

मूळ लेखिका: जुन्या फोनमध्ये असणार, तो भाच्याला गेम खेळायला दिलाय. आत्ताच निघते.