‘बी. ए. संगीत म्हणजे तीन वर्षं वाया’ म्हणणाऱ्यांसाठी

मंद्र निषाद

परवा इथेच एका महाशयांनी लिहिलं, ‘संगीतात पदवी घेऊन काय येतं? शंभर व्याख्या पाठ आणि यमन रागसुद्धा धड गाता येत नाही. त्यापेक्षा सहा महिने गुरूकडे बसा.’ त्यावर भराभर अंगठे पडले. मी गप्प बसायचं ठरवलं होतं, जमलं नाही. मी गुरूंकडेही बसले आहे आणि पदवीही केली आहे, त्यामुळे दोन्हीकडचं थोडं कळतं.

आधी तुमचंच म्हणणं पुढे नेते. पदवीने मला गायला शिकवलेलं नाही. हिशेब करा की! प्रात्यक्षिकाच्या एका क्रेडिटला सत्रात ३० तास. चार क्रेडिटचा पेपर म्हणजे १२० तास, आणि वर्गात पंधरा गळे. वाटणीला आठ तास आले. आठ तासांत कुणी गवई होत नाही, आणि तसं कुणी म्हणतही नव्हतं.

पण आमच्या गुरूंकडे एकच घराणं होतं. दुसऱ्या घराण्याचं ऐकायचं नाही, कान बिघडतो म्हणे. मारवा राग मला तिथे शिकवला होता, पूरियाही शिकवला होता, मध्ये दीड वर्ष गेलं असेल. दोन्हींत सूर तेच आहेत हे मला कॉलेजात कळलं! सरांनी फळ्यावर फक्त सूर लिहिले: रिषभ (रे) कोमल, मध्यम (म) तीव्र, पंचम (प) वर्ज्य, म्हणजे लागतच नाही. ‘राग ओळखा.’ सगळे ओरडलो, मारवा. ‘पूरिया का नाही? सोहनी का नाही?’ वर्ग चिडीचूप. मग त्यांनी तिन्ही गाऊन दाखवले. मारव्यात रिषभ-धैवतावर (रे-ध) ठाण मांडून षड्जाला (सा) किती टाळायचं, पूरिया गांधार-निषादाला (ग-नी) धरून मंद्रात, खालच्या सप्तकात, कसा उतरतो, सोहनी वरच्या, तार षड्जाच्या आसपास कशी भिरभिरते. पाऊण तासाचा वर्ग. त्यानंतर मी स्वतः रियाजाला बसले की ‘हे इथे का’ असं स्वतःलाच विचारायला लागले. गुरुजींना ‘का’ विचारायची सोय नव्हती.

दुसरं म्हणजे तानपुरा. पहिल्या सत्रभर पेटी, म्हणजे हार्मोनियम, वर्गाबाहेर. प्रत्येकाने तानपुरा स्वतः लावायचा, तारेला झणकार देणारा जवारीचा दोरा सरकवत बसायचं. आम्ही सगळे लहानपणापासून पेटीवर सूर धरून गाणारे, ती कुबडी काढून घेतल्यावर आमचे हाल झाले. पण एक दिवस सरांनी सगळ्यांना गप्प बसवलं आणि नुसता तानपुरा छेडत राहिले. पंचम, षड्ज, षड्ज, खर्ज (खालचा षड्ज). थोड्या वेळाने त्यात गांधार ऐकू यायला लागला. गांधाराची तारच नाही त्यात! असा अनुभव व्याख्या पाठ करून येत नाही.

बाकी श्रुती, ग्राम, मूर्च्छना, स्वरलिपी यावर लिहिण्यासारखं आहे, पण लांबलं. बोला आता.

फटकळ तबलजी

ताई, तुम्हाला सर चांगले मिळाले, एवढंच यातून सिद्ध होतं. त्यात पदवीचं काय कौतुक?

‘आविर्भाव-तिरोभाव यावर टीप लिहा.’ ‘अल्पत्व-बहुत्व म्हणजे काय?’ ‘अमुक कलाकाराचं जीवनचरित्र.’ ही प्रश्नपत्रिका. मार्गदर्शक आणायचं, आदल्या रात्री घोकायचं, पास. आमच्या वर्गात एका मुलीने प्रात्यक्षिकाला बागेश्री असा लावला होता की मी ठेका धरताना भान हरपलो. दोन आवर्तनं झाली आणि परीक्षकांनी घंटी वाजवली. ‘हं, तानांवर या. आता झपतालाची दुगुन म्हणा.’ (दुगुन म्हणजे दुप्पट लय.) तिला सेकंड क्लास. ज्याला षड्ज सापडत नव्हता त्याला लेखीच्या जोरावर फर्स्ट क्लास.

आणि विषय निघालाच आहे तर, तबल्याच्या मुलांना गायनाच्या परीक्षेला दिवसभर ठेका धरायला बसवतात त्याबद्दल कोणी बोलणार आहे का? सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकताल. मानधन नाही, प्रमाणपत्र नाही, चहासुद्धा गायनवाल्यांचा झाल्यावर. आमच्या पदवीत आम्ही काय शिकलो? सहनशीलता.

काळी दोन

बाकी चालू द्या. ‘कुबडी’ हा शब्द मागे घ्या.

पेटी शिकायला माझं अर्धं आयुष्य गेलं. अप्पा जळगावकर, गोविंदराव पटवर्धन, तुळशीदास बोरकर हे काय कुबड्या वाजवत होते? भीमसेनजींच्या मागे अप्पा बसायचे, तेव्हा भीमसेनजी लंगडत होते का? तुम्हाला सूर लागत नव्हता हा तुमच्या गळ्याचा प्रश्न. पेटीने तुमचा गळा धरून ठेवला नव्हता.

तिसरी घंटा

काळी दोन, चिडू नका, पण मुद्दा भौतिकशास्त्राचा आहे. सप्तकाचे १२०० सेंट, म्हणजे सारखे बारीक भाग, धरले तर तानपुऱ्यातून ऐकू येणारा गांधार ३८६ सेंटवर असतो. समान अंतराने लावलेल्या पेटीचा गांधार ४०० वर. १४ सेंटचा फरक. पंचमात फरक जेमतेम दोन सेंट, तो कोणाला कळत नाही. गांधारात कळतो. ज्या मुलाने दहा वर्षं ४००चा गांधार घोकला त्याचा कान तिथेच बसतो.

आणि मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, ती कुठून काढणार? दरबारी रागाचा गांधार आंदोलित, झुलता, कोमलाहूनही कोमल. पेटीची पट्टी एकतर दाबलेली असते नाहीतर सोडलेली. मधलं काही नाही. उगाच का १९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली होती?

काळी दोन

वाटच पाहत होतो त्या बंदीची! कोणीतरी आणणारच.

ती बंदी कोणाच्या डोक्यातून आली तेही सांगा की. जॉन फोल्ड्स, रेडिओच्या पाश्चात्त्य संगीत विभागाचा प्रमुख. आपलं काय शुद्ध आणि काय अशुद्ध हे त्या साहेबाने ठरवायचं? १९७१ साली बंदी सैल झाली तोवर एक अख्खी पिढी रेडिओच्या दारात उभी राहिली. आणि त्याच काळात बाहेर मैफली पेटीवरच चालल्या होत्या, कीर्तनं पेटीवर, नाटकं ऑर्गनवर. गोविंदराव टेंबे पेटीवाले होते, गवई भास्करबुवा बखल्यांना साथ करायचे, आणि १९११च्या ‘मानापमान’ नाटकाला संगीत त्यांचंच आहे. त्या चाली १४ सेंटने बेसूर आहेत असं एखाद्या जुन्या नाट्यसंगीतवाल्याला जाऊन सांगा, आणि मला बोलवा.

राहिलं ३८६. ‘गांधार ट्यूनिंग’ हे नाव ऐकलंय का? गाणाऱ्याच्या षड्जाला धरून सूर घासून लावतात, गांधार तानपुऱ्याशी मिळतो. कारागीर हे काम कानाने करतात, कॅल्क्युलेटरने नाही.

तिसरी घंटा

ऐकलंय. आणि ती पेटी एकाच पट्टीला, म्हणजे एकाच षड्जाला चालते हेही ऐकलंय. काळी एकला लावलेल्या पेटीवर काळी पाचची बाई गायला बसली की तुमचा घासलेला गांधार भलत्याच सुराच्या जागी जातो. मग काय, वर्गात पंधरा मुलांसाठी पंधरा पेट्या ठेवायच्या? कॉलेजात असते एक. तीही ओलाव्याने फुगलेली, भाता फाटलेला.

काळी दोन

आणि तुमचे तानपुरे? काढतो पाढा? आमच्या कॉलेजात पाच होते. दोघांचे भोपळे तडकलेले, एकाची खुंटी दर मिनिटाला घसरायची. शेवटी सगळे मोबाइलमधल्या तानपुऱ्यावर गायचे. त्या डबड्यातून कोणता स्वयंभू गांधार ऐकू येतो ते सांगा. तेव्हा पेटीला नावं ठेवताना आपल्या खिशात काय वाजतंय तेही बघा.

मंद्र निषाद

मोबाइलच्या तानपुऱ्याबद्दल एका शब्दाचाही वाद नाही, तो मलाही सहन होत नाही. पण सगळा धागा पेटीवाल्यांनी पळवला. प्रश्न काय होता, आठवतंय का कोणाला?

विशारद अपूर्ण

मला आठवतोय, पण त्याआधी माझं दुखणं ऐका. मी गेली काही वर्षं क्लास घेतो. दहावीला शास्त्रीय कलांचे वाढीव गुण मिळायला लागल्यापासून पालक येतात आणि विचारतात, ‘परीक्षा कधी होईल?’ कोणता राग चाललाय, कधीच नाही. गुण पदरात पडले की मूल गायब. त्यातलंच एखादं पुढे बी. ए. संगीतला येतं, कारण दुसरीकडे प्रवेश मिळत नाही. मग तुम्ही पहिल्या वर्षाला त्याच्याकडून काय अपेक्षा करणार? प्राध्यापक मेहनत करतात, समोर मूल ‘सा’ म्हणजे काय इथून सुरू. विज्ञान शाखेला कोणी पाढे न येता जातो का?

पदवी वाईट नाही. प्रवेशाला गाळणीच नाही हे वाईट.

ओसरीवर

वाचून करमणूक झाली. वय झाल्याने स्पष्ट लिहितो, राग मानू नये.

गाणं ऐकून, सोबत बसून, गुरूच्या मागे तानपुरा धरून येतं. सत्र, क्रेडिट आणि पन्नास मिनिटांचा तास ही दुसऱ्या विद्यांची व्यवस्था आहे. वर मारवा-पूरियाचं उदाहरण दिलं आहे, ते छान. पण ज्या जुन्या गवयांनी ते राग खरंच गाऊन दाखवले त्यांनी फळ्यावर कधी सूर लिहून घेतले नव्हते. पदवीधरांनी परीक्षणं लिहावीत, निवेदन करावं. गाऊ नये असं म्हणत नाही, पण पदवीमुळे गाता येतं असा भ्रमही ठेवू नये.

मंद्र निषाद

काका, राग मानला आहे. सांगून ठेवते.

‘गुरूच्या मागे तानपुरा धरून’ हे कोणाला मिळत होतं? घरातल्या मुलाला, जावयाला, भाच्याला. बाहेरच्याला वर्षानुवर्षं पाणी भरल्यावर एक स्थायी, अंतऱ्यासाठी पुढच्या दिवाळीपर्यंत थांबायचं. आणि मुलगी असेल तर घरचे रात्री कुठे पाठवणार होते? मी ज्यांच्याकडे शिकले ते थोर होते, पण आमच्या वर्गातल्या एकीला तिच्या गुरूंनी लग्न ठरल्याचं कळताच शिकवणं बंद केलं. ‘आता काय उपयोग?’ कॉलेजने तिला काढून टाकलं नाही, ती तिसऱ्या वर्षाला पोट घेऊन परीक्षेला बसली.

विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं ते काय हौस म्हणून? फी भरा, या, शिका. तोवर शिकणाऱ्याची जात आणि खानदान विचारलं जात होतं. भातखंडे वकील माणूस, गावोगाव फिरून, खाँसाहेबांच्या नाकदुऱ्या काढून बंदिशी लिहून घेतल्या त्यांनी. क्रमिक पुस्तक मालिकेचे सहा भाग आहेत, आजही प्रत्येक गुरूच्या कपाटात सापडतात, अगदी ‘पुस्तकावरून गाणं येत नाही’ म्हणणाऱ्यांच्यासुद्धा. लखनौला १९२६ साली संगीताचं मॅरिस कॉलेज निघालं त्यामागे तेच. तुम्ही ज्या व्यवस्थेला हसताय तिनेच गाणं माझ्यासारखीच्या घरापर्यंत आणलं.

फटकळ तबलजी

भातखंडे आलेच आहेत तर सांगतो. त्यांनी रागांचे दहा थाट, म्हणजे गट केले आणि आम्हाला ते वेदवाक्य म्हणून शिकवले. भूप आणि देशकार, पाच सूर तेच. एक कल्याण थाटात, दुसरा बिलावल थाटात. या दोन थाटांत फरक फक्त मध्यमाचा. भूपात मध्यम नाही, देशकारात मध्यम नाही, मग थाट कशावरून ठरवला? मी वर्गात विचारलं तर उत्तर आलं, ‘परीक्षेत असं लिहायचं नाही.’ ताई, हा तुमचा ‘का’.

मंद्र निषाद

हा प्रश्न आम्हाला सरांनीच घातला होता, आणि उत्तर शोधून आणायला सांगितलं होतं. भूपात गांधार वादी, म्हणजे मुख्य सूर, कल्याणाच्या अंगाने चालतो. देशकारात धैवत वादी, उत्तरांगात, सप्तकाच्या वरच्या अर्ध्यात बसतो, म्हणून बिलावल. हे चलनावरून, रागाच्या चालीवरून केलेलं वर्गीकरण आहे, सुरांवरून नाही, आणि तिथे थाटपद्धत लंगडी पडते हेही त्यांनी कबूल केलं. तुमचे सर वाईट होते, एवढंच यातून सिद्ध होतं. तुमचंच वाक्य.

फटकळ तबलजी

लागलं. बरं, मान्य. सगळीकडे असे सर असतील तर माझ्या मुलीला पाठवीन. नसतील तर पत्ता द्या त्यांचा.

ओसरीवर

पाणी भरण्याविषयी जे लिहिलंत ते खोटं आहे असं मी म्हणू शकत नाही. आमच्याकडे लाकडं फोडायची होती. मात्र लाकडं फोडताना आत चाललेलं गाणं कानावर पडत होतं, हे तुमच्या वेळापत्रकात बसणार नाही.

विशारद अपूर्ण

काका, आता तेच गाणं यूट्यूबवर असतं, लाकडं न फोडता. पोरं तेही ऐकत नाहीत.

तिसरी घंटा

काळी दोन, तुमचा मुक्काम कुठे असतो? काळी एकला गांधार ट्यूनिंग केलेली पेटी एकदा समोर ऐकायची आहे. मी लाकडी तानपुरा आणतो, मोबाइल नाही.

काळी दोन

या की. पण तानपुरा मी लावणार. तुमच्यासारख्या सेंटवाल्यांचा पंचम नेहमी चढा असतो.

फटकळ तबलजी

ठेका धरायला मला बोलावू नका.