383 ला हात लावणारा आता होणे नाही? काहीतरीच!

बॉस्टनकर: काल दुसऱ्या धाग्यावर नानांनी लिहिलं की बेसबॉलमध्ये नोलन रायन या पिचरने (चेंडू टाकणारा) 1973 च्या मोसमात 383 स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक, म्हणजे तीन चेंडू वाया घालवून बॅटर बाद) घेतले, ते आता कोणाला जमणार नाही, आणि आजचे पिचर शंभर चेंडू टाकले की शाल पांघरून बसतात. डोकं फिरलं म्हणून वेगळा धागा. नाना, रायनने त्यासाठी 326 इनिंग (समोरच्या संघाचे तीन बाद होईपर्यंतची पाळी) टाकल्या. गेरिट कोलने 2019 मध्ये 326 स्ट्राइकआउट घेतले ते 212 इनिंगमध्ये. स्ट्रायडरने 2023 मध्ये 186 इनिंगमध्ये 281. आमचा क्रॉशे 2025 मध्ये 255 घेऊन सगळ्यांच्या पुढे, इनिंग 205. दर इनिंगला किती पडतात, भागाकार करून बघा.

नाना_ह्यूस्टन: भागाकार आम्हालाही येतो हो. तेव्हाचा बॅटर दोन स्ट्राइक झाल्या की बॅट आखूड धरून चेंडू नुसता ढकलायचा. आजचा तेव्हाही होमरन मारायला जातो. असे गिऱ्हाईक मिळाल्यावर कोणाचाही गल्ला भरेल! रायनने शेवटच्या सामन्यात मिनेसोटाविरुद्ध 11 इनिंग टाकून 16 घेतले, तेव्हा कूफॅक्स या जुन्या पिचरचा 382 चा विक्रम एकाने मोडला. नऊच्या सामन्यात अकरा इनिंग! आता बरोबरी झाली की दहाव्यापासून दुसऱ्या बेसवर, म्हणजे धावेच्या अर्ध्या वाटेवर, फुकटचा माणूस उभा करतात, लवकर घरी जायला.

मिरजकर: चर्चा छान, पण 'स्ट्राइकआउट घेतले' हे कुठलं मराठी? आम्ही बाळ ज. पंडितांचं समालोचन ऐकत वाढलो. 'त्रिफळा' म्हणा की.

बॉस्टनकर: स्टंपच नाहीत, त्रिफळा कशाचा उडवू?

मिरजकर: मग 'त्रिहुक'. तीनदा हुकला, गेला.

नाना_ह्यूस्टन: हुकावंच लागतं असं नाही. तिसरा चेंडू नुसता बघत उभा राहिला तरी जातो. म्हणून तर तेव्हा लोक कठड्यावर K ची (स्ट्राइकआउटची खूण) पाटी उलटी लावतात.

मिरजकर: 'दांडी गुल'?

बॉस्टनकर: अहो, दांडी कुठाय!!

जर्सीची_आत्या: तुमचे दर आणि दांड्या चालू द्या. माझा तेरा वर्षांचा मुलगा ट्रॅव्हल टीममध्ये पिचर. कोच चेंडूचा वेग मोजणारी रडारगन घेऊन मागे उभा, आकडा वाढला की टाळ्या. मार्चपासून पोरगा गोठवलेल्या मटारची पिशवी कोपराला बांधून गृहपाठ करतोय, डाव्या हाताने. ज्या स्ट्रायडरचा दर मिरवताय, त्याच्या कोपरावर एप्रिल 2024 मध्ये शस्त्रक्रिया झाली. तेही भागाकारात धरा.

नाना_ह्यूस्टन: बघा! मी हेच म्हणत होतो.

जर्सीची_आत्या: नाना, तुम्ही हे अजिबात म्हणत नव्हता. तुम्ही शालीवर टोमणे मारत होता.

बॉस्टनकर: आत्या, लवकर बरा होऊ दे. पण नाना, रायनने त्याच वर्षी 162 वॉक (चार चुकीचे चेंडू टाकून बॅटरला फुकटचा पहिला बेस) दिले, ते सोयीस्कर विसरलात. सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कारही पामरला गेला.

नाना_ह्यूस्टन: दिले बाबा 162. तारीख टाकून फ्रेम करून ठेव, नानांनी कबूल केलं. आता तू कबूल कर. कूफॅक्ससमोर समोरच्या संघाचा पिचरही बॅट घेऊन यायचा, म्हणजे आयती विकेट. रायनच्या लीगमध्ये 1973 लाच डीएच (पिचरऐवजी बॅटिंग करणारा वेगळा खेळाडू) आला. त्याला ती खिरापत मिळाली नाही.

बॉस्टनकर: डीएचचं मान्य, झक मारत. शालीचं नाही.

मिरजकर: एक शंका. तिसऱ्या स्ट्राइकला कॅचरच्या हातून चेंडू सुटला तर बॅटर पळू शकतो म्हणे. मग तो बाद की नाबाद?

नाना_ह्यूस्टन: पहिल्या बेसवर पोचला तर नाबाद, पण स्ट्राइकआउट पिचरच्या खात्यात. त्यामुळे एका इनिंगमध्ये चारसुद्धा होतात. आणि तुम्ही अजून 'त्रि'वरच अडकलाय.